भांडवलाचा शेजारधर्म : चालकाविना वाहने आणि कामगारवर्गाची भूमिका

८ फेब्रुवारी २०१७ रोजी जर्मनी व फ्रान्सच्या वाहतूकमंत्र्यांनी एक संयुक्त घोषणा केली. जर्मनीच्या सारलांड प्रांतातील मेर्त्सिग आणि फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील मेत्झ यांच्या दरम्यानचा सुमारे ७० किलोमीटरचा रस्ता स्वयंचलित वाहनांच्या चाचणीसाठी खुला करण्यात येईल, अशी ती घोषणा होती. ही वाहने एकमेकांशी आणि रस्त्यालगतच्या यंत्रणेशी बिनतारी संपर्क ठेवून धावणार होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये चिमुकला लक्झेम्बर्गही या उपक्रमात सामील झाला. तत्पूर्वी एप्रिल २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या वाहतूकमंत्र्यांनी अ‍ॅमस्टरडॅम येथे याच विषयावर जाहीरनामा काढला होता आणि मार्च २०१७ मध्ये रोम येथे २९ युरोपीय देशांनी सीमापार चाचण्यांच्या इरादापत्रावर सह्या केल्या होत्या. पुढे इटलीतील बोलोन्यापासून ब्रेनर खिंडीमार्गे म्युनिकपर्यंत, तसेच स्पेन-पोर्तुगाल आणि ग्रीस-तुर्कस्तान यांच्या सरहद्दींवर असेच प्रकल्प झाले. ५ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने मोटार उद्योगासाठी जी कृतियोजना जाहीर केली, तिच्यात २०२६ पासून मोठी सीमापार चाचणीक्षेत्रे उभारण्याचा संकल्प आहे.

या साऱ्या काळात युरोपातील भांडवली वृत्तपत्रांनी आणि त्यांची री ओढणाऱ्या आपल्याकडील अर्थविषयक पत्रांनी एकच ढोल बडविला आहे. शेजारी राष्ट्रे जुनी वैरे विसरून एकत्र आली, विज्ञानाने सरहद्दी पुसल्या, आता अपघात टळतील, इंधन वाचेल आणि चालकाला विसावा मिळेल, असा त्या ढोलाचा सूर आहे.

शेजारी राष्ट्रांच्या सहकार्याला कम्युनिस्टांचा विरोध असण्याचे कारण नाही. राष्ट्राराष्ट्रांतील वैराची किंमत कामगाराने आणि शेतकऱ्याने आपल्या रक्ताने मोजली आहे, हे आपल्याइतके सातत्याने कोणीही सांगितलेले नाही. परंतु कोणतेही सहकार्य पुढे आले की त्याविषयी आपण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ते कोणत्या वर्गाचे, कोणत्या वर्गाशी आणि कोणाच्या खर्चाने चाललेले सहकार्य आहे? मोझेल नदीच्या काठच्या या रस्त्याला हा प्रश्न लावून पाहिला की ढोलाचे कातडे किती पातळ आहे ते दिसू लागते.

या भूमीचा इतिहास काय सांगतो?

चाचणीसाठी निवडलेली ही भूमी साधीसुधी नव्हे. १८७१ साली जर्मनीने मेत्झ आपल्या साम्राज्यात सामील करून घेतले, १९१८ साली ते फ्रान्सकडे परत गेले, १९४० साली हिटलरने ते पुन्हा गिळंकृत केले. १९१६ साली ज्या व्हेर्दूंच्या रणभूमीवर लक्षावधी फ्रेंच व जर्मन तरुण धारातीर्थी पडले, ती येथून फार दूर नाही. या कत्तलींमागे जी आमिषे होती त्यांत लोरेनचे लोहखनिज आणि सारचा कोळसा यांचे स्थान मोठे होते.

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद एका संयुक्त सत्तेखाली आणण्याची योजना मांडली आणि १९५१ साली सहा देशांनी पॅरिस येथे त्या करारावर सह्या केल्या. तेव्हाही हेच सांगण्यात आले होते की आता सरहद्द राहणार नाही, सर्वांची भरभराट होईल. भरभराट झाली, यात शंका नाही. परंतु ती कोणाच्या पदरात पडली? फ्रान्समधील शेवटची कोळसा खाण याच लोरेनमध्ये एप्रिल २००४ मध्ये बंद झाली. सारमधील शेवटची खाण ३० जून २०१२ रोजी बंद झाली. मेत्झच्या उत्तरेस फ्लोरांज येथील झोतभट्ट्या आर्सेलर-मित्तल कंपनीने २०११ मध्ये थंड केल्या आणि कामगारांनी प्रदीर्घ लढा देऊनही २०१३ मध्ये त्या कायमच्या बंद झाल्या. हा मालक जन्माने भारतीय आहे. 'आपला माणूस जगाचा पोलादसम्राट झाला' म्हणून आपल्याकडे ज्यांनी पेढे वाटले, त्यांनी फ्लोरांजच्या कामगारांची नोंद घेतली नाही. भांडवलाला जसे राष्ट्र नसते तसे त्याच्या बळींनाही एकच राष्ट्र नसते, हे मात्र त्या कामगारांना पुरते कळून चुकले.

खाणी कधी ना कधी संपतात, कोळसा महाग पडू लागतो, हे आपण नाकारीत नाही. आपला आक्षेप निराळा आहे. भट्टी पेटविण्याचा निर्णय जसा कामगाराला विचारून झाला नव्हता, तसा ती विझविण्याचाही झाला नाही. खनिज, कोळसा आणि पोलाद यांच्यासाठी सरहद्द पुसली गेली, पण ज्याने ते खणले, वितळविले आणि वाहून नेले त्याच्या जीवनाची हमी कोणत्याही सामायिक करारात नव्हती.

हीच गोष्ट आज मोटार उद्योगात घडत आहे. मेर्त्सिगपासून जवळच असलेल्या सारलुई येथील फोर्ड कारखान्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये मोटारींचे उत्पादन थांबले. २०२२ मध्ये कंपनीने सारलुईचा जर्मन कामगार आणि व्हॅलेन्सियाचा स्पॅनिश कामगार यांना एकमेकांसमोर उभे केले, कमी खर्चात कोण काम करून देतो याची जणू बोली लावली आणि मग सारलुईला नारळ दिला. ज्या प्रांतात उद्याच्या मोटारीचा गाजावाजा झाला, त्याच प्रांतात आजची मोटार बनविणाऱ्याला घरी पाठविण्यात आले.

यंत्रासाठी करार, माणसासाठी कोण?

या तंत्राचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. कारण अज्ञानातून केलेला विरोध शत्रूच्याच पथ्यावर पडतो. स्वयंचलित वाहन कॅमेरे, रडार आणि प्रकाशकिरणांनी अंतर मोजणारी उपकरणे यांच्या साह्याने भोवताल पाहते. जोडलेले वाहन याखेरीज पुढच्या वळणापलीकडचा अडथळा दुसऱ्या वाहनाकडून वा मनोऱ्याकडून कळवून घेते. सरहद्दीवर अडचण उभी राहते ती ही की, एका देशाच्या टेलिफोन कंपनीचे जाळे संपून दुसऱ्या देशाच्या कंपनीचे जाळे सुरू होताना संपर्क काही काळ तुटतो. बोलणाऱ्या माणसाला ते चालते. वेगात धावणाऱ्या वाहनाला चालत नाही. ही अडचण सोडविण्यासाठी मेत्झ-मेर्त्सिग-लक्झेम्बर्ग या टापूत २०१८ ते २०२२ या काळात एक प्रकल्प राबविण्यात आला. त्याचा खर्च सुमारे १ कोटी ७० लाख युरो होता आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ३० लाख युरो युरोपीय संघाच्या सार्वजनिक निधीतून आले. भागीदारांत फोक्सवॅगन, बॉश, एरिक्सन, डॉइचे टेलिकॉम, ओरांज यांसारख्या बड्या कंपन्या होत्या.

म्हणजे धोका जनतेच्या पैशाने पत्करावयाचा आणि त्यातून निघालेले ज्ञान मक्तेदारांच्या तिजोरीत जावयाचे, अशी ही व्यवस्था. मोबदल्यात या मक्तेदारांनी कामगारांना काय दिले? डिसेंबर २०२४ च्या समझोत्यानुसार फोक्सवॅगन २०३० पर्यंत जर्मनीत ३५,००० हून अधिक नोकऱ्या कमी करणार आहे. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १३,००० नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालविण्याचे जाहीर केले. सार्वजनिक पैसा घेताना या कंपन्यांना युरोप आठवतो. नोकऱ्या तोडताना मात्र 'जागतिक स्पर्धा' आठवते.

कायद्याच्या बाबतीत तर हा भेदभाव आणखी ढळढळीतपणे दिसतो. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना कराराच्या आठव्या कलमात प्रत्येक चालत्या वाहनाला चालक असलाच पाहिजे असे म्हटले होते. ते कलम भांडवलाच्या वाटेत येऊ लागताच मार्च २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते सैल करण्यात आले आणि जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या कलमाने स्वयंचलित प्रणालीलाच चालकाची जागा घेण्याची वाट मोकळी करून देण्यात आली. जर्मनीने २०१७ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये आपला कायदा बदलला. फ्रान्सने २०२१ मध्ये वटहुकूम काढला. अर्धशतक टिकलेला आंतरराष्ट्रीय करार यंत्रासाठी सहा वर्षांत दोनदा बदलता येतो. परंतु सरहद्दीपलीकडे माल नेणाऱ्या चालकाला दोन्ही बाजूंना समान वेतन मिळावे, एवढी साधी गोष्ट करावयाची म्हटली की हीच सरकारे वर्षानुवर्षे वाटाघाटींचा घोळ घालीत बसतात.

उत्तरदायित्वाचा प्रश्न पाहा. प्रणालीच्या हाती वाहन असताना अपघात झाला तर फ्रान्सच्या २०२१ च्या वटहुकुमानुसार फौजदारी जबाबदारी चालकावरून उत्पादकाकडे सरकते. जर्मन कायदा मात्र चालकाने सदैव सावध राहून क्षणात सुकाणू हाती घेण्यास तयार असावे असे सांगतो आणि नुकसानभरपाईचा भार मुख्यतः वाहनाचा मालक व त्याचा विमा यांच्यावर ठेवतो. २०२२ मध्ये जर्मनीत विक्रीस आलेल्या एका महागड्या मोटारीची स्वयंचलित प्रणाली तर युरोपात जर्मन हमरस्त्यांपुरतीच परवानगी घेऊन आली होती. १९८५ साली ज्या शेंगेन गावी सरहद्दीवरील तपासणी रद्द करण्याचा करार झाला, ते गाव याच टापूत आहे. नदीवरील पहारेकरी गेले. परंतु नदीच्या एका काठावर जो निर्दोष, तो दुसऱ्या काठावर आरोपी ठरू शकतो.

आणि आरोपी कोणाला करतात, याचा दाखला जगासमोर आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात उबर कंपनीच्या चाचणी-वाहनाने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला चिरडले. ती सायकल आहे की वाहन की आणखी काही, याचा निर्णय त्या प्रणालीला अखेरपर्यंत करता आला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चालकाच्या दुर्लक्षाबरोबरच कंपनीच्या सुरक्षाविषयक ढिसाळपणावरही बोट ठेवले. तरीही कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. खटला झाला तो वाहनात देखरेखीसाठी बसविलेल्या पगारी नोकरावर, आणि २०२३ मध्ये शिक्षा झाली तीही त्यालाच. चालकाकडून काम काढून घ्यावयाचे आणि त्याच्या गळ्यात दोष तेवढा ठेवावयाचा, ही या नव्या युगाची न्यायनीती आहे!

'चालकांचा तुटवडा' ही सोयीस्कर दंतकथा

मे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय वाहतूक मंच, युरोपीय मोटार उत्पादकांची संघटना, रस्ते वाहतूक मालकांचा आंतरराष्ट्रीय संघ आणि वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांचा संयुक्त अहवाल प्रसिद्ध झाला. चालकाविना मालमोटारी झपाट्याने आल्या तर २०३० पर्यंत युरोप व अमेरिकेतील ६४ लाख अपेक्षित चालकांपैकी ४४ लाखांपर्यंत चालक अनावश्यक ठरू शकतील, असे त्यात म्हटले होते. संक्रमणासाठी परवानापद्धती असावी, चालकाविना वाहनांचा लाभ ज्यांना होईल त्यांच्याकडून पैसा घेऊन विस्थापित चालकांना आधार द्यावा, अशा शिफारशीही त्यात होत्या. तो आकडा तेव्हाच्या भाकिताचा होता. प्रत्यक्षातील गती त्याहून मंद निघाली. एप्रिल २०१६ मध्ये सहा कंपन्यांच्या मालमोटारी एकमेकींच्या मागे तांडा करून अनेक देशांच्या सरहद्दी ओलांडीत रॉटरडॅमला पोहोचल्या, तेव्हा इंधनबचतीचा केवढा गवगवा झाला होता! जानेवारी २०१९ मध्ये त्यांपैकीच डाइम्लर कंपनीने तांडापद्धतीतून अपेक्षेइतकी बचत होत नसल्याचे सांगून तिच्यातून अंग काढून घेतले आणि आपला पैसा उच्च दर्जाच्या स्वयंचलनाकडे वळविला. इंधन वाचत नसेल तर मजुरी वाचवावी, हे भांडवलाचे गणित त्यातून स्पष्ट होते.

परंतु यंत्र येण्यास उशीर झाला म्हणून धोका टळला असे समजणे भाबडेपणाचे होईल. न आलेले यंत्रसुद्धा वेतनाच्या वाटाघाटीत मालकाच्या बाजूने बसते. 'चालक मिळत नाहीत, म्हणून यंत्र हवे' असे मालक एकीकडे सांगतात आणि 'यंत्र येतच आहे, तेव्हा फार ताणू नका' असे चालकाला दुसरीकडे बजावतात.

तुटवडा का आहे, हे २०२३ साली ग्रेफेनहाउझेनने दाखवून दिले. जर्मनीतील डार्मश्टाटजवळच्या या हमरस्त्यावरील विश्रांतीस्थळी मार्च-एप्रिल २०२३ मध्ये एका पोलिश वाहतूक धंद्याच्या साठाहून अधिक चालकांनी थकलेल्या वेतनासाठी मालमोटारी उभ्या केल्या. ते प्रामुख्याने जॉर्जिया व उझबेकिस्तानातून आलेले होते. मालाची मालकी एका देशात, वाहनांची नोंदणी दुसऱ्या देशात, चालक तिसऱ्या देशाचा आणि काम चौथ्या देशात, असा हा व्यवहार. संप मोडण्यासाठी मालकाने चिलखती गाडीसह खाजगी रखवालदारांची टोळी धाडली; पोलिसांना मध्ये पडावे लागले. चालक हटले नाहीत आणि अखेर त्यांची थकबाकी त्यांना मिळाली. जुलैपासून तेथेच पुन्हा संप झाला आणि काहींनी उपोषणाचा मार्ग धरला.

हे चालक महिनोन्‌महिने केबिनमध्येच राहत, तेथेच शिजवीत, तेथेच झोपत. साप्ताहिक पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घेण्यास युरोपीय कायद्याची बंदी असतानाची ही स्थिती आहे! २०२० च्या वाहतूकविषयक कायद्यांत मालमोटार दर आठ आठवड्यांनी नोंदणीच्या देशात परत नेण्याचे बंधन घातले होते. केवळ कागदावर असलेल्या कंपन्यांना त्यामुळे थोडा तरी लगाम बसला असता. पण काही सरकारांनी त्याला आव्हान दिले आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने ते बंधन रद्द केले. चालकाने ठराविक काळाने घरी जाण्याची तरतूद टिकली, हे खरे. परंतु जेथे चालक माणसासारखा जगू शकत नाही तेथे तरुण त्या धंद्यात येत नाहीत, यालाच मालक 'तुटवडा' असे भारदस्त नाव देतात. हा तुटवडा माणसांचा नव्हे, माणुसकीने वागविण्याचा आहे.

आता या चित्रात दूरनियंत्रणाची भर घाला. मेत्झ-मेर्त्सिगच्या प्रकल्पात ज्या गोष्टींची चाचणी झाली, त्यांत दुरून वाहन चालविणे हीही एक होती. वाहन अडले की दूरच्या कक्षातील माणूस पडद्यावर पाहून ते हाकणार. तो कक्ष कोणत्या देशात असेल? एक माणूस किती वाहनांवर नजर ठेवील? त्याला कोणत्या देशाचे वेतन आणि कोणत्या देशाचा कामाचा दिवस लागू होईल? आज जॉर्जियाच्या चालकाला निदान जर्मनीच्या हमरस्त्यावर चाके थांबविता येतात. उद्या कक्ष स्वस्त देशात गेला की ती ताकदही हिरावली जाईल. सीमापार सहकार्याची खरी मेख येथे आहे.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर आपल्या चळवळीत दोन चुकीच्या भूमिका डोके वर काढताना दिसतात.

पहिली भूमिका अशी की, उत्पादक शक्तींचा विकास हा पुरोगामीच असतो, तेव्हा भांडवलदार राष्ट्रे एकत्र येऊन तो करीत असतील तर त्याचे स्वागत करावे. राष्ट्रीय चौकटी मोडल्या की समाजवादाची वाट आपोआप सुकर होईल. हा विचार नवा नाही. साम्राज्यवादी राष्ट्रे शांततेने एकमेकांत जगाची वाटणी करतील अशी आशा कौट्स्कीने लावली होती. १९१५ साली 'युरोपचे संयुक्त संस्थान' या घोषणेची चिकित्सा करताना लेनिनने दाखवून दिले की, भांडवलशाहीखाली असे ऐक्य एक तर अशक्य असते किंवा प्रतिगामी; कारण ते इतर स्पर्धकांविरुद्ध आणि स्वतःच्या कामगारांविरुद्ध बांधलेले तात्पुरते संगनमत असते. शंभर वर्षांनंतर युरोपीय आयोगाची मार्च २०२५ ची कृतियोजना वाचावी. तिचा सारा रोख अमेरिका आणि चीन यांच्या मोटार उद्योगापुढे मागे पडू नये यावर आहे. शेजाऱ्यांचे हे ऐक्य शेजारप्रेमातून आलेले नाही, हे योजनेचे कर्तेच सांगत आहेत. आणि ऐक्य तरी कितपत? ब्रेनरच्या ज्या मार्गावर इटली, ऑस्ट्रिया व जर्मनी यांनी मिळून जोडलेल्या वाहनांच्या चाचण्या केल्या, त्याच मार्गावरील मालमोटारींवरच्या निर्बंधांवरून २०२४ मध्ये इटलीने ऑस्ट्रियाला युरोपीय न्यायालयात खेचले. या खिंडीतून वर्षाला वीस लाखांहून अधिक मालमोटारी जातात आणि टिरोलच्या खोऱ्यातील जनता त्यांच्या धुराने व आवाजाने त्रस्त आहे. तिला चालकाविना मालमोटारी नकोत. माल रूळांवर हवा आहे. डोंगराखालून जाणारा ५५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा ही तेथील खरी निकड आहे. परंतु समाजाची निकड आणि मोटार मक्तेदारांची निकड यांत भांडवली सरकार कोणती निवडते, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी भूमिका याच्या नेमकी उलट आहे. यंत्र नोकरी खाते, म्हणून यंत्रच नको, त्यावर बंदी घाला, असे ती म्हणते. ही भावना समजण्याजोगी असली तरी तिने लढा जिंकता येत नाही. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि हल्ला उत्पादनाच्या साधनावर नव्हे तर त्याच्या शोषक वापरावर करावयाचा, हे इंग्लंडच्या कामगाराला अनुभवातून शिकावे लागले, असे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात यंत्रसामग्रीच्या प्रकरणात दाखविले आहे. रात्रभर जागून घाटातून अवजड मालमोटार नेणाऱ्या चालकाचे श्रम खरोखर हलके होणार असतील, त्याचा कामाचा दिवस वेतन न घटता कमी होणार असेल, पादचाऱ्याचा जीव वाचणार असेल, तर त्या यंत्राचे स्वागत सर्वांत आधी कामगारवर्ग करील. आज मात्र यंत्राने वाचविलेला प्रत्येक तास मालकाच्या खात्यावर जमा होतो आणि चालकाच्या खात्यावर बेकारी.

आपल्याकडे काय?

'हा सारा युरोपचा प्रश्न. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ही वाहने कधी येणार?' असे काही कॉम्रेड्‌स विचारतील. त्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, ही वाहने घडविणाऱ्या श्रमाचा एक भाग आजच भारतात होतो. पुणे व बंगळूर येथील कार्यालयांत हजारो अभियंते युरोपीय मोटार कंपन्यांसाठी स्वयंचलनाच्या आज्ञावली लिहितात. कोलकाता व भुवनेश्वर येथे तरुण-तरुणी दिवसभर पडद्यावरील छायाचित्रांत ही मोटार, हा सायकलस्वार, हा पादचारी अशा खुणा करीत बसतात. त्यांच्या डोळ्यांनी यंत्र पाहावयास शिकते. मोझेलकाठचा चालक आणि मेजावरचा हा तरुण एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत. पहिल्याला यंत्राची भीती दाखवून वाकविले जाते, दुसऱ्याला स्वस्त म्हणून राबविले जाते.

दुसरी गोष्ट सरकारच्या चालकप्रेमाची. चालकाविना मोटारी देशात येऊ देणार नाही, कारण त्यामुळे चालकांचा रोजगार जाईल, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले. याच महिन्यात त्यांच्याच सरकारने भारतीय न्यायसंहिता संसदेत मंजूर करून घेतली आणि अपघातानंतर न कळविता निघून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तिच्या कलम १०६(२) मध्ये केली. जमावाच्या मारहाणीच्या भीतीने चालक पळतो, हे सरकारला ठाऊक नव्हते काय? १ जानेवारी २०२४ पासून देशभर चालकांनी चाके थांबविली, तेव्हा कोठे सरकारने माघार घेतली आणि ते कलम स्थगित ठेवले. दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घालणारा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा असंघटित चालकापर्यंत कधी पोहोचला नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू करताना तो स्वतंत्र कायदाही त्यांत विरघळविण्यात आला. चालकाचा रोजगार वाचविण्याच्या गप्पा मारावयाच्या आणि त्या रोजगारातील उरलेसुरले संरक्षण काढून घ्यावयाचे, हे नक्राश्रू नव्हेत तर काय?

तिसरी गोष्ट आपल्या सरहद्दींची. बांगलादेश, भूतान, भारत व नेपाळ यांच्यात मोटार वाहतुकीचा करार १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे झाला. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये तो नाकारला. इतर तिघांचे घोडेही वाटाघाटींतच अडले. या करारात वाहने, परवाने आणि शुल्क यांची चर्चा विस्ताराने आहे. परंतु पेट्रापोलच्या सरहद्दीवर मालमोटारींच्या रांगेत दिवसचे दिवस काढणाऱ्या चालकाला पाणी, शौचालय, औषधोपचार आणि वाट पाहण्याच्या काळाचे वेतन मिळावे, हा विषय कोणाच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे? युरोपात यंत्रासाठी जे झाले तेच येथे मालासाठी होत आहे. वस्तूला सरहद्द ओलांडू द्यावयाची आणि ती वाहणाऱ्या माणसाला सरहद्दीवर कुजत ठेवावयाचे, हा भांडवलाचा शेजारधर्म मोझेलवर जसा आहे तसाच इछामतीवरही आहे.

आपली भूमिका आणि कार्य

म्हणून आपली भूमिका निःसंदिग्ध असली पाहिजे. वाहतूक कामगारांच्या संघटनांत काम करणाऱ्या कॉम्रेड्‌सनी पुढील मागण्या आजच, यंत्र दाराशी येण्यापूर्वी, मांडावयास हव्यात.

स्वयंचलनाचा कोणताही प्रयोग करण्यापूर्वी कामगार संघटनांशी बंधनकारक वाटाघाट झाली पाहिजे. यंत्रामुळे वाचणारा वेळ प्रथम कामाचा दिवस वेतन न घटविता कमी करण्यासाठी वापरला पाहिजे. अपघाताचे उत्तरदायित्व प्रणाली बनविणाऱ्या आणि तिच्यातून नफा कमाविणाऱ्या कंपनीवर असले पाहिजे, तिच्यात बसविलेल्या पगारी माणसावर नव्हे. दूरनियंत्रण कक्षातील कामगाराला वाहन ज्या देशाच्या रस्त्यावर धावते त्या देशाचे वेतन व कायदे लागू झाले पाहिजेत, आणि एका माणसाने किती वाहने पाहावीत यास कायद्याने मर्यादा हवी. सार्वजनिक पैशातून निघालेले ज्ञान सार्वजनिक मालकीचे राहिले पाहिजे आणि त्याचा पहिला उपयोग सार्वजनिक बस व रेल्वे यांच्या सुरक्षिततेसाठी झाला पाहिजे. सरहद्दीपार वाहतुकीच्या प्रत्येक करारात चालकांच्या हक्कांचा स्वतंत्र विभाग असला पाहिजे.

या मागण्यांनी भांडवलशाही संपणार नाही, हे आपण जाणतो. परंतु त्या मागण्यांभोवती पेट्रापोलचा चालक, पुण्याचा अभियंता, भुवनेश्वरची खुणा करणारी तरुणी आणि ग्रेफेनहाउझेनचा संपकरी यांना एकत्र आणता येते. ग्रेफेनहाउझेनमध्ये अनेक भाषांच्या चालकांनी एकजूट टिकविली, ती कोणत्याही सरकारच्या इरादापत्रावर सही न करता.

मोझेलच्याच काठी, या चाचणीमार्गापासून थोड्या अंतरावर ट्रीअर हे गाव आहे. १८१८ साली कार्ल मार्क्सचा जन्म तेथे झाला. जानेवारी १८४३ मध्ये तरुण मार्क्सने 'ऱ्हाइनिश त्साइटुंग' या पत्रात मोझेलच्या द्राक्षबागायतदारांच्या दैन्यावर लिहिले. हे दैन्य त्यांच्या आळसातून वा दैवातून आलेले नसून त्यामागे ठोस सामाजिक संबंध आहेत आणि अधिकारी ते पाहावयास तयार नाहीत, असे त्याने दाखविले. प्रशियन सरकारने काही आठवड्यांतच ते पत्र बंद पाडले. आर्थिक प्रश्नांकडे वळण्याची पहिली प्रेरणा अशाच प्रश्नांतून मिळाली, असे मार्क्सने १८५९ मध्ये नमूद केले आहे. आज त्याच खोऱ्यात चालकाचे दैन्य 'तंत्रज्ञानाची अटळ गती' म्हणून खपविले जात आहे. ही गती अटळ नाही. तिला दिशा देणारे हात भांडवलदारवर्गाचे आहेत आणि ते हात बाजूला सारणे हे सर्व देशांच्या कामगारवर्गाचे काम आहे. सरहद्दी पुसावयाच्याच आहेत. परंतु त्या पुसण्याचा अधिकार ज्यांनी त्या ओलांडून माल, कोळसा आणि पोलाद वाहिले त्यांचा आहे. त्या अधिकारासाठी कामगारवर्गाला संघटित करणे, हेच आपले आजचे कार्य होय.